‘हे खरे आहे काय?’

निवेदन दिले की त्याची पोच मिळते. मोर्चा काढला की आश्वासन मिळते. उपोषण केले की लिंबूपाणी मिळते. उत्तर मात्र यांतल्या कशानेही मिळत नाही. निवेदनाला उत्तर देण्याचे बंधन सरकारवर नाही, आणि मोर्चापुढे येऊन मंत्री जे बोलतो ते वाऱ्यावर जाते. पण एक कागद असा आहे की तो मंत्रालयात पोचला की त्याला उत्तर द्यावेच लागते, तेही ठरलेल्या तारखेला, मंत्र्याच्या नावाने, छापून. तो कागद म्हणजे आमदाराने किंवा खासदाराने विचारलेला लेखी प्रश्न. आपल्या चळवळीने या हत्याराकडे आजवर फारसे लक्ष दिलेले नाही. ते द्यावे, म्हणून हा लेख.

प्रश्नाचे प्रकार शेतकऱ्याने समजून घ्यावेत. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्र्याने सभागृहात उभे राहून द्यायचे असते, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर फक्त लेखी येते. तातडीच्या बाबीसाठी अल्पसूचना प्रश्न असतो. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. त्या २० पैकी सभागृहात प्रत्यक्ष चर्चेला येतात ते थोडेच. बाकीच्यांची उत्तरे लेखीच मिळतात. म्हणजे वर्तमानपत्रात गाजतो तो तासाभराचा प्रश्नोत्तराचा तास, पण सरकारच्या कारभाराची खरी झडती होते ती लेखी उत्तरांच्या गठ्ठ्यात. त्या गठ्ठ्याकडे पाहायला मात्र कोणाला सवड नसते.

महाराष्ट्र विधानमंडळातील प्रश्नाचा साचा अनेकांनी पाहिला असेल. ‘अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग ‘अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय’, ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय’, ‘चौकशीत काय आढळून आले’, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. भाषा रुक्ष आहे. पण तिची ताकद कचेरीत बसणाऱ्याला विचारा. कचेरीत याला ‘एलएक्यू’ म्हणतात. मंत्रालयातून तो आयुक्तालयाकडे, तिथून जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याकडे, तिथून तालुक्याला येतो. जी माहिती आपल्याला सहा महिने खेटे घालून मिळत नाही, ती तालुक्याचा कारकून रात्री जागून गोळा करतो. कारण खाली चुकीचा आकडा गेला तर वर मंत्री सभागृहात तोंडघशी पडतो, आणि सभागृहाची दिशाभूल केली म्हणून हक्कभंग येऊ शकतो. सही करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते.

हा हक्क काही कोणी खुशीने दिलेला नाही. इंग्रजांच्या राज्यात कौन्सिलातील सभासदांना प्रश्न विचारायची मुभा मिळाली ती १८९२च्या कायद्याने, आणि तीही उपप्रश्नाविना. प्रश्न विचारायचा, सरकार देईल ते उत्तर ऐकायचे आणि खाली बसायचे. मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला तो १९०९च्या कायद्यानंतर. त्या अपुऱ्या कौन्सिलात रत्नागिरीत जन्मलेले टिळक १८९५ ते १८९७ या काळात मुंबईत बसले, आणि गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे गोखले आधी मुंबईच्या व १९०२ पासून थोरल्या सरकारच्या कौन्सिलात. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या, पण एक गोष्ट दोघांनीही ओळखली होती. सरकारला त्याच्याच कागदांनी धरले पाहिजे. १८९६च्या दुष्काळात टिळकांनी शेतकऱ्यांना सरकारचाच दुष्काळी कायदा वाचून दाखवला आणि त्यात लिहिले आहे ते मागा म्हणून सांगितले. गोखल्यांनी मिठावरच्या कराविरुद्ध सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले.

आमच्या काही मित्रांना वाटते की सभागृहाचे राजकारण म्हणजे वकिली, आणि चळवळ ती रस्त्यावरच. त्यांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहावा. खोतीच्या जुलमाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले, आणि जानेवारी १९३८ मध्ये त्याच विधिमंडळावर कोकणातल्या कुळांचा मोर्चा नेला. आत कागद आणि बाहेर माणसे. खोती कायद्याने जायला १९४९ उजाडले हे खरे. पण ती गेली ती या दोन्ही पायांवर. एका पायावर चळवळ लंगडी होते.

एक प्रश्न काय करू शकतो याचा मोठा दाखला १९५७चा आहे. आयुर्विमा महामंडळाने मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे भाग घेतल्याची कुणकुण लागली आणि सप्टेंबरमध्ये लोकसभेत त्यावर प्रश्न आला. उत्तर मोघम मिळाले. पण मोघम उत्तर हाही पुरावा असतो. त्याचा धागा धरून डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी सभागृहात सगळे प्रकरण मांडले. ते सत्ताधारी पक्षाचे खासदार आणि पंतप्रधानांचे जावई होते, हे विसरू नये. न्यायमूर्ती छागलांची चौकशी मुंबईत झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

उलटा दाखला आयर्लंडचा आहे, आणि तो शेतमालाशीच संबंधित आहे. तिथे गोमांसाच्या निर्यातीला दिलेल्या सरकारी हमीवरून १९९१ मध्ये चौकशी बसली. ती वर्षानुवर्षे चालली, अफाट खर्च झाला. तेव्हा चौकशी करणारे न्यायमूर्ती हॅमिल्टन यांनीच म्हटले की, संसदेत विचारलेल्या प्रश्नांना इथल्यासारखी उत्तरे तिथेच दिली असती, तर या चौकशीची गरजच पडली नसती. टाळलेल्या उत्तराची किंमत शेवटी करदाता मोजतो, असा त्याचा अर्थ.

आता टाळाटाळीचे प्रकार पाहू. पहिला, ‘अंशतः खरे आहे’. किती अंश, ते सांगायचे नाही. दुसरा, ‘माहिती घेण्यात येत आहे’. तिसरा आणि सर्वांत नामी, ‘प्रश्न उद्भवत नाही’. २०२१च्या हिवाळी अधिवेशनात, दिल्लीच्या सीमेवर वर्षभर बसलेल्या शेतकऱ्यांपैकी किती जण दगावले आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई देणार काय, असे लोकसभेत विचारले गेले. केंद्रीय कृषी खात्याचे उत्तर आले की अशी नोंद खात्याकडे नाही, सबब प्रश्न उद्भवत नाही. आंदोलक संघटना सातशेच्या आसपास मृत्यू सांगत होत्या. मोजायचेच नाही, म्हणजे द्यायचेही नाही, असा हा हिशेब.

पण या उत्तरानेही एक काम केले. सरकारने मोजले नाही, ही गोष्ट सरकारच्याच सहीने कायमची नोंदली गेली. उद्या कोणी ‘आम्ही सर्व काही पाहत होतो’ म्हणाले, तर हा कागद पुढे करता येतो.

आणि जेव्हा आकडे येतात तेव्हा ते भाषणापेक्षा जास्त बोलतात. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत लेखी उत्तर आले की त्या वर्षीच्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत राज्यात ७६७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतली ३७३ प्रकरणे मदतीस पात्र, २०० अपात्र आणि १९४ चौकशीसाठी प्रलंबित. मदत किती, तर एक लाख रुपये. हे तीन आकडे नीट वाचा. तीन महिन्यांत जे गेले त्यांतल्या निम्म्याहून कमी घरांना सरकारने ‘पात्र’ मानले होते. कोणत्याही सभेत आपण कितीही घसा कोरडा केला असता तरी हे इतक्या स्वच्छपणे सिद्ध करता आले नसते, कारण आपला आकडा सरकार नाकारू शकते, स्वतःचा नाही.

आता आपल्या घरचे पाहू. रत्नागिरीच्या आंबा-काजू बागायतदाराचे जुने दुखणे म्हणजे हवामानावर आधारित फळपीक विमा. नुकसानीचा पंचनामा इथे होत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने अवकाळी पाऊस, थंडी, उष्णता, वारा यांची जी नोंद केली, तिच्यावर भरपाई ठरते. शेतीशास्त्र शिकलेल्या कोणालाही कळते की कातळावरची बाग, खाडीकाठची बाग आणि डोंगराच्या सावलीतली बाग यांचे तापमान एक नसते. मोहोर करपतो कातळावर आणि थर्मामीटर असतो सखल भागात, असे झाले तर एका अंशाच्या फरकाने सगळे मंडळ भरपाईला मुकते. यंत्र बंद असले तर आणखी गोंधळ.

यावर ‘आंबा बागायतदारांचे नुकसान झाले हे खरे आहे काय’ असा प्रश्न विचारला, तर ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर आत्ताच लिहून ठेवा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? प्रश्न असा हवा: जिल्ह्यातील कोणत्या महसूल मंडळांतील हवामान केंद्रे विमा काळात किती दिवस बंद किंवा नादुरुस्त होती, त्या दिवसांच्या नोंदी कोणत्या केंद्रावरून घेतल्या, प्रत्येक मंडळात किती बागायतदारांनी किती हप्ता भरला, किती जणांना किती भरपाई कोणत्या तारखेला मिळाली, कंपनीला एकूण हप्ता किती मिळाला. यातल्या एकाही कलमाला ‘अंशतः’ म्हणता येत नाही. तिथे आकडा तरी द्यावा लागेल, नाहीतर आकडा नाही असे कबूल करावे लागेल.

हीच रीत इतरत्र लावा. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून मिळालेली मुदतीची आश्वासने एकाखाली एक लिहून काढा आणि पुढचा प्रश्न त्या यादीसह विचारा. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. फुटल्यानंतरचे प्रश्न म्हणजे वरातीमागून घोडे. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक लघु पाटबंधारे धरणाची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, अहवालात काय आढळले आणि दुरुस्तीचा निधी कधी मिळाला, हे पावसाळ्यापूर्वी विचारता येते. त्याला पैसा लागत नाही.

कोणी म्हणेल, आता माहितीचा अधिकार आहे, मग आमदाराच्या दाराशी कशाला जायचे? माहितीचा अर्ज जरूर करावा. किंबहुना आधी तोच करावा आणि मिळालेल्या कागदांवरून प्रश्न बांधावा. पण त्या अर्जाला उत्तर देतो जन माहिती अधिकारी, आणि तो ‘का केले नाही’ याचे उत्तर देत नाही. ‘का’ विचारायचे ते मंत्र्याला. राज्यघटनेच्या १६४व्या कलमाने मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे.

या हत्याराला गंजही चढतो, हे सांगितले पाहिजे. १९५१ मध्ये मुदगल नावाच्या मुंबईच्या सदस्याला सराफ बाजाराच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिचे काम संसदेत केल्यावरून जावे लागले. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात ११ खासदारांची हकालपट्टी झाली. सप्टेंबर २०२०च्या अधिवेशनात साथीचे कारण देऊन संसदेतला प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला आणि फक्त लेखी उत्तरे उरली. म्हणून प्रश्न कोणी विचारला याइतकेच तो कोणासाठी विचारला यावरही आपली नजर हवी. कंपनी पैसे मोजून प्रश्न विचारवू शकते. शेतकऱ्याकडे मोजायला मत आहे, आणि माहिती आहे.

तेव्हा या जिल्हा बैठकीपुढे आमची सूचना साधी आहे. नऊ तालुक्यांनी आपापला एकच प्रश्न तयार करावा. त्यात गाव, सर्व्हे नंबर, तारीख, आदेशाचा क्रमांक असावा. विशेषणे, टोमणे आणि आरोप नसावेत, कारण नियमांत ते बसत नाहीत आणि सचिवालय तेवढ्यावरूनच प्रश्न बाद करते. न्यायालयात चालू असलेली बाब टाळावी. अधिवेशनाच्या तोंडावर धावू नये. सूचनेची मुदत असते, म्हणून मागचे अधिवेशन संपताच पुढच्याची तयारी लागावी. दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर या पाचही मतदारसंघांच्या आमदारांकडे पक्ष न पाहता जावे. आपला आमदार मंत्री असेल तर तो प्रश्न विचारत नाही, त्याला विचारले जातात. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघाच्या किंवा विधान परिषदेच्या सदस्याला गाठावे.

उत्तर आले की काम संपले असे समजू नये, ते तिथे सुरू होते. संसदेत ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ हे उत्तरही आश्वासन मानले जाते आणि ते तीन महिन्यांत पुरे करावे लागते. त्यासाठी आश्वासन समिती आहे. आपल्या विधानमंडळातही अशी समिती आहे. उत्तर असमाधानकारक असेल तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. प्रत्येक उत्तर गावच्या फलकावर लागले पाहिजे आणि तिथल्या माणसाने ते जमिनीवरच्या परिस्थितीशी ताडून पाहिले पाहिजे. ‘हवामान केंद्र सुरू आहे’ असे उत्तर आले आणि गावातले यंत्र वेलींनी झाकलेले असेल, तर छायाचित्र काढून ते त्याच आमदाराच्या हाती द्यावे. पुढचा प्रश्न तिथे तयारच असतो.

निवडणुकीत मत मागायला आलेल्याला आपण रस्ता, पाणी, सभामंडप मागतो. यापुढे आणखी एक गोष्ट मागावी: गेल्या पाच वर्षांत आमच्या तालुक्यासाठी किती प्रश्न विचारलेत आणि उत्तरे काय आली, त्याची यादी. ती ज्याच्याकडे नसेल त्याने आपले नाव यादीत असावे अशी अपेक्षा करू नये.