महायुद्ध मराठवाड्याचंही होतं

‘महायुद्धाशी मराठवाड्याचा काय संबंध? ते साताऱ्या-कोल्हापूरकडच्यांचं. आपला इतिहास म्हणजे रझाकार आणि १७ सप्टेंबर १९४८.’ नांदेड-लातुरात शिकलीसवरलेली माणसंही हे ठामपणे सांगतात. हे साफ चूक आहे.

८ डिसेंबर १९४१. मध्यरात्र उलटली आणि जपानी सैन्य मलायात कोटा भारूच्या किनाऱ्यावर उतरू लागलं. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडायला अजून तासभर अवकाश होता. किनाऱ्यावर डोग्रा पलटण झुंजत होती, मागच्या विमानतळाचा पहारा निजामाच्या फर्स्ट हैदराबाद इन्फन्ट्रीकडे होता. त्याच संध्याकाळी विमानतळ सोडावा लागला. म्हणजे जपानशी झालेल्या युद्धाच्या पहिल्याच दिवशी, मराठवाडा ज्यात होता त्या आपल्या हैदराबाद संस्थानाची फौज मोर्चावर होती. तिकडे ब्रिटनच्या आकाशात ‘हैदराबाद’ नावाची १५२ वी स्क्वाड्रन स्पिटफायर उडवत होती. तिच्या चिन्हावर निजामाचं शिरोभूषण होतं. हा निजामाचा शौक होता, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. पण हा शौक पुरवणाऱ्या संस्थानाच्या तिजोरीत सारा भरणाऱ्यांत नांदेड, कंधार, उदगीरचा शेतकरीही होता.

उलट टोकाची फुशारकीही मला मान्य नाही. १९ वी हैदराबाद रेजिमेंट म्हणजे आपलीच पोरं, असं सांगणारे भेटतात. ती ब्रिटिश हिंदी सैन्याची रेजिमेंट. तिच्यात कुमाऊनी, अहीर, जाट यांचा भरणा होता आणि १९४५ मध्ये तिचं नाव कुमाऊँ रेजिमेंट झालं. नुसत्या नावावरून हक्क सांगू नये.

राहिला १९४८ चा, म्हणजे निजामाच्या राजवटीतून मुक्तीचा, मुद्दा. पहिल्या महायुद्धातल्या मदतीबद्दल इंग्रजांनी निजामाला ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ हा किताब आणि ‘विश्वासू मित्र’ अशी ओळख दिली. दुसऱ्या महायुद्धातही त्याने हात सैल सोडला. या निष्ठेच्या भरवशावर तो स्वतंत्र राज्याचं स्वप्न पाहत होता. १९४७ मध्ये इंग्रज निघून गेले, मैत्री कामी आली नाही, आणि १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांकडे धाव घ्यावी लागली. दुसऱ्या महायुद्धाच्याच काळात, १९४२ मध्ये, मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ निजामाच्या तुरुंगात होते. महायुद्ध वगळलं तर मुक्तिसंग्रामाची निम्मी कारणं हातातून निसटतात.

ज्यांच्या घरी आजोबांचं एखादं पदक किंवा फौजेतून सुटल्याचा कागद आहे, त्यांनी तो रद्दीत घालू नये. त्याची प्रत नांदेडच्या विद्यापीठाकडे, लातूरकरांनी तिथल्या उपकेंद्राकडे द्यावी. आणि विद्यापीठाने ती मागून घ्यावी.