कटकट

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण मध्ये रिलीज आलं, मग सर्दी-खोकला... असो. या वीकेंडचा विषय आहे गाडीच्या आतली कटकट. (मॅनेजरची नव्हे, तिच्यावर वेगळा लेख लागेल.)

तर झालं असं, की माझी पाच वर्षांची हॅचबॅक मध्यंतरी वाजायला लागली. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला, कट् कट् कट्. गुळगुळीत रस्त्यावर चूप, जरा खडबडीत लागला की सुरू. सर्व्हिस सेंटरला दोनदा नेली. त्यांचा माणूस शेजारी बसला की आवाज गायब! बघायला गेलं की पळून जाणाऱ्या अशा बगला आपल्या धंद्यात हायझेनबग म्हणतात. शेवटी तिथल्या सुपरवायझरने ठेवणीतलं उत्तर काढलं, "सर, एवढं सगळ्याच गाड्यांत असतं. गाणी लावायची."

हे मला अजिबात पटत नाही. अॅप क्रॅश होतंय म्हणणाऱ्याला आपण "डोळे मिटून वापरा" असं सांगतो का? आवाज म्हणजे कुठेतरी दोन वस्तूंमध्ये फट आहे, आणि फट असेल तर ती सापडते. मग म्हटलं, आपणच शोधू.

पहिलं काम, गाडी पूर्ण रिकामी करणे. ग्लोव्ह बॉक्समधली चिल्लर, चष्म्याची डबी, दारातल्या बाटल्या, डिकीतला जॅक-पाना, मागचा पार्सल ट्रे, सगळं बाहेर. तुमच्यापैकी अर्ध्यांची कटकट इथेच संपेल. माझी संपली नाही. मग एकच रस्ता, एकच स्पीड, काचा बंद, एसी बंद. मी चालवतोय आणि बायको शेजारी बसून एकेक भाग तळव्याने दाबतेय. एका वेळी एकच! दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने थांबलं ते कळत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सकाळच्या गारठ्यात आणि दुपारच्या उन्हात, दोन्ही वेळा बघितलं, कारण उन्हाने प्लॅस्टिक फुगतं आणि फटी बुजतात.

डॅशबोर्ड निर्दोष निघाला. कटकट येत होती पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबातून, जिथे सीटबेल्टची उंची कमी-जास्त करतात तिथली क्लिप सैल झालेली. पुढच्या काचेवरून आवाज परत येतो आणि कान फसतात. चिकट फेल्टची इंचभर पट्टी लावली, काम खतम. तीन रविवार गेले होते, पण प्रॉडक्शन बग सोडवल्याचा आनंद!

त्याच आनंदात आम्ही आष्टीला घरी गेलो. पुणे, नगर, कडा, आष्टी. बायको शेजारी, आई मागे. गाडी कशी शांत, हे मी वाटेत दहा वेळा ऐकवलं.

इथे अण्णांबद्दल सांगायला हवं. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, आष्टी आगारातून रिटायर झाले. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर धावली, त्याच रस्त्यावर त्यांचीही बरीच नोकरी गेली. आणि लाल डबा म्हणजे काय, तर काचा, पत्रे, बाकडी, सगळंच वाजणार. त्यात बसून ज्याने जन्म काढला त्याला मी कौतुकाने कड्यापर्यंत चक्कर मारून आणली. म्हटलं, "अण्णा, ऐका, कायच आवाज नाही."

दोन स्पीडब्रेकर गेले. अण्णा म्हणाले, "पुढच्या डाव्या चाकाला काय झालंय रे?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पुन्हा ब्रेकरवरून नेली. खालून एक बारीक, मुका 'टक्'. बस, एकदाच. खरं सांगतो, तो मी आधीही ऐकला असणार, पण त्याचा त्रास नव्हता म्हणून नोंदच घेतली नाही.

नगर रोडच्या एका गॅरेजवर गाडी जॅकवर चढवली. मेकॅनिकने टॉमी घालून लोअर आर्म हलवला तर बॉल जॉइंटमध्ये डोळ्यांना दिसेल एवढा प्ले. वरचा रबरी बूट फाटलेला, ग्रीस निघून गेलेलं, आत धूळ. चाक खालून धरून ठेवतो तो हाच जॉइंट. तो निखळला तर चाक आडवं होतं, आणि मी आदल्याच दिवशी आईला घेऊन ऐंशीने आलो होतो. पोटात गोळा आला.

सर्व्हिस सेंटरला मी शिव्या घालणार होतो, पण जॉबकार्डवर मीच काय लिहिलं होतं? 'डॅशबोर्डमधून आवाज.' त्यांनी डॅशबोर्ड बघितला. लिफ्टवर गाडी असताना खालीही बघायला हवं होतं हे खरंच, पण तक्रार माझी होती आणि ती फक्त मला टोचणाऱ्या आवाजाची होती. लॉगमध्ये हजार वॉर्निंग आणि त्यात एक एरर असते ना, तसं. आणि मी तीन रविवार वॉर्निंग साफ करत बसलेलो.

अण्णांना विचारलं, एवढ्या खडखडाटात तुम्हाला बरोबर आवाज कळायचा कसा? म्हणाले, "पत्रा वाजतो म्हणून कुणी गाडी आगारात लावत नाही. कालच्यापेक्षा येगळं काय वाजलं, तेवढं लॉगशीटवर लिहायचं. चाकाकडचं असलं तर गाडी काढायचीच नाही."

मला वाटतं, आपल्या बंद काचांच्या, एसीच्या गाड्यांनी हा कान घालवलाय. इलेक्ट्रिक गाडीत तर इंजिनचा आवाजच नाही, त्यामुळे आतलं किरकोळ प्लॅस्टिकही भयंकर वाटतं आणि आपण त्याच्याच मागे लागतो. कटकट जरूर शोधा, मी तर परत शोधेन. पण आधी काचा उघडून, गाणी बंद करून एका ब्रेकरवरून हळू जा आणि खालचं ऐका.

नवा लोअर आर्म दुसऱ्या दिवशी सकाळी नगरहून एसटीने आला. बसवला, परतताना नगरला अलाइनमेंट करून घेतली. फेल्टचा अर्धा रोल अजून घरात पडलाय, पुण्यातल्या कुणाला हवा असेल तर घेऊन जा.