समुद्रांत दडलेले पर्वत

इंद्रानें पर्वतांचे पंख छाटण्याचा सपाटा चालविला, तेव्हां मैनाक तेवढा समुद्रांत दडून बचावला, ही कथा आपल्याकडे बहुतेकांच्या ऐकिवांत आहे. ‘शिवालिक’, ‘सातपुडा’, ‘सह्याद्रि’ हीं आपल्या आरमाराच्या तीन जहाजांचीं नांवें ऐकतांना तिची सहज आठवण होते. कारण हे पर्वतहि समुद्रांत दडणारे आहेत.

हीं जहाजें फ्रिगेट वर्गांतलीं. फ्रिगेट म्हणजे ताफ्याचें रक्षण करणारें, पाणबुडीचा माग काढणारें मध्यम आकाराचें लढाऊ जहाज. दडणें याचा अर्थ मात्र अदृश्य होणें असा नव्हे. डोंगराकडे तोंड करून हांक मारावी आणि प्रतिध्वनीवरून अंतर ओळखावें, तसें शत्रूचें रडार विद्युल्लहरी सोडून परत येणाऱ्या लहरींवरून जहाज हुडकतें. जहाजाची बाजू भिंतीसारखी सरळ असली, किंवा तिचे भाग काटकोनांत जुळले असले, तर लहर आल्या वाटेनें परत फिरते. म्हणून या जहाजांच्या बाजू कलत्या ठेवितात व पुष्कळ शस्त्रें पृष्ठाच्या आंत झांकून घेतात. लहर भलतीकडे निघून जाते, आणि प्रचंड जहाज रडारला आहे त्याहून पुष्कळ लहान भासतें. धुराड्यांतील ऊन वायु निववून सोडितात, आणि यंत्रें कंप शोषणाऱ्या बैठकींवर बसवितात. त्यामुळें उष्णतेवरून किंवा आवाजावरूनहि माग लागणें कठिण होतें.

‘शिवालिक’ २०१० सालीं आरमारांत दाखल झालें, ‘सातपुडा’ २०११ सालीं व ‘सह्याद्रि’ २०१२ सालीं. तिन्ही मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेलीं, सुमारें १४२ मीटर लांबीचीं. त्यांच्या मागून सात जहाजांची दुसरी मालिका हातीं घेण्यांत आली. चार माझगांवीं व तीन कलकत्त्याच्या गार्डन रीच गोदींत. तींतील ‘निलगिरि’ १५ जानेवारी २०२५ रोजीं मुंबईस, आणि ‘उदयगिरि’ व ‘हिमगिरि’ २६ ऑगस्ट २०२५ रोजीं विशाखापट्टणास दाखल झालीं.

या प्रसंगीं ‘स्वदेशी’ हा शब्द वारंवार कानीं पडतो. त्याचा अर्थ नीट तपासून घ्यावा, एवढ्याचसाठीं आजचा हा लेख.

मुंबईनें फ्रिगेट बांधिलें तें कांहीं आज प्रथमच नव्हे. वाडिया घराण्यांतील जमशेटजी बमनजी यांनीं १८१७ सालीं मलबारी सागवानाचें ‘त्रिंकोमाली’ नांवाचें फ्रिगेट इंग्रजी आरमारासाठीं येथें बांधिलें. तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि पाहावयास मिळतें. लांकूड आपलें, हात आपले. पण आराखडा विलायतेचा. तो घेऊन निघालेलें ‘जावा’ हें जहाज १८१२ सालीं अमेरिकन आरमारानें युद्धांत जिंकलें, तेव्हां दुसरी प्रत येईपर्यंत आमच्या कुशल कारागिरांस वाट पाहावी लागली! हातीं कसब असून आराखडा परक्याच्या पेटींत असला म्हणजे काय होतें, हें यावरून कळावें.

स्वातंत्र्यानंतर १९७२ सालीं माझगांवींच पहिलें ‘निलगिरि’ तयार झालें. तेंहि ब्रिटिश ‘लिअँडर’ नमुन्यावरच. ‘शिवालिक’चा आराखडा मात्र आपल्या आरमाराच्या संकल्पकांनीं स्वतः काढिला. पुढें पोलादाचा प्रश्न सुटला. हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेनें युद्धनौकांस योग्य असें पोलाद सिद्ध केलें, आणि तें आपल्याच कारखान्यांत तयार होऊन नव्या ‘निलगिरि’स लागलें. आधीं हात, मग आराखडा, मग पोलाद, अशा पायऱ्यांनीं हें स्वदेशीपण वाढत आलें आहे.

शेवटची पायरी चढावयाची आहे. या जहाजांस वेग देणारें गॅस टर्बाइन मूळचें अमेरिकन बनावटीचें. बंगळुरास त्याची जुळणी होते इतकेंच. त्याचीं पातीं हजार अंशांहून अधिक तप्त वायूंत अहोरात्र गरगर फिरावयाचीं. त्या दाहांत जीं वांकणार नाहींत, तडकणार नाहींत अशीं पातीं ओतण्याची विद्या फार थोड्या राष्ट्रांनीं साधिली आहे, आणि ती मोल देऊनहि कोणी सहजासहजीं शिकवीत नाहीं.

मुलांना या जहाजांचें कौतुक अवश्य सांगावें. पण सांगतांना तीन प्रश्न त्यांच्या मनांत घालावेत: याचा आराखडा कोणाचा, पोलाद कोणाचें, इंजिन कोणाचें? पहिल्या दोहोंचीं उत्तरें अभिमानानें द्यावींत, आणि तिसऱ्याचेंहि तितक्याच मोकळेपणानें द्यावें. जहाजानें शत्रूच्या दृष्टीआड राहावें हें उचितच आहे. त्याच्या पोटांतील उणीव घरच्या मुलांपासून दडविणें उचित नाहीं. तिसरा प्रश्न ज्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनाला लागून राहील, तें लेंकरूं उद्यां धातुशास्त्राकडे वळण्याचा संभव आहे.