आधी कंडेन्सर, मग समीकरण

पंपाच्या पेटीत हात घालण्याआधी जाणता वायरमन स्विच बंद करतो आणि तरीही लगेच हात लावत नाही. "थांब जरा, कंडेन्सरमध्ये करंट असंल," म्हणतो. विहिरीवर मोटार असलेल्या घरातल्या पोरांना हे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे, की डिफरन्शियल इक्वेशन शिकवायची सुरुवात इथून करावी. फळ्यावरून नको.

आंबेगाव तालुक्यातलं अवसरी बुद्रुक घ्या. कांदा-बटाट्याचा हा पट्टा, म्हणजे पाणी आणि वीज हे रोजचेच विषय. शेजारच्या अवसरी खुर्दला 2009 साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. मोटार आणि समीकरण यांच्यात आता जमिनीवरचं अंतर फारसं उरलेलं नाही. डोक्यातलं मात्र आहे, आणि ते आपल्याकडे सगळीकडेच आहे, कुणा एका कॉलेजपुरतं नाही.

अभ्यासक्रमाला दोष देऊन भागणार नाही. पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या गणितात अवकल समीकरणांचे उपयोग आहेत. त्यात किर्चॉफचा नियम आहे, न्यूटनचा थंड होण्याचा नियमही आहे. पण वर्गात बहुधा काय होतं? सर्किटचं समीकरण तयार मिळतं, मुलं इंटिग्रेटिंग फॅक्टर काढतात, उत्तराखाली दोन रेघा मारतात. त्या उत्तरातला करंट कुठून कुठे चालला होता हे विचारलं की वर्ग गप्प!

त्याऐवजी असं करून बघा. 9 व्होल्टची बॅटरी, 10 किलोओहमचा रेझिस्टन्स, 1000 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, एक मल्टिमीटर. सगळं लॅबमध्ये असतंच. बॅटरी जोडायची आणि कंडेन्सरवरचं व्होल्टेज दर 10 सेकंदांनी लिहायचं. साधारण 5.7, मग 7.8, मग 8.55. आता विचारा: पहिल्या 10 सेकंदांत 5.7 चढलं, मग पुढच्या दहात 11.4 का झालं नाही? कुणीतरी म्हणतंच, की बॅटरी 9 ची आहे, त्याच्या वर कसं जाईल? मग विचारा, 9 पर्यंत सरळ का गेलं नाही, दमत दमत का गेलं?

आता व्होल्टेज सोडून तूट लिहा: 9, 3.3, 1.2, 0.45. दर वेळी आधीच्या तुटीच्या साधारण 37 टक्के उरते. कारण करंट ढकलते ती ही तूटच. तूट कमी झाली की करंट कमी, करंट कमी की भरणं मंद. जितकी तूट तितका वेग, हेच ते समीकरण. अजून एकही चिन्ह लिहिलेलं नाही, पण ते वर्गाला कळलेलं आहे. मग चिन्हं येऊ द्यात, खुशाल येऊ द्यात! चहाही याच नियमाने निवतो, हे सांगितल्यावर मुलं हसतात, पण विसरत नाहीत.

यावर गणिताचे शिक्षक दोन गोष्टी म्हणतील. एक, पोर्शन संपत नाही. खरं आहे, पण हा प्रयोग 15 मिनिटांचा आहे, आणि न समजता सोडवलेल्या दहा गणितांचा वेळ तो वाचवतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सर्किटवरून शिकलेल्या पोराला वाटेल की सगळी समीकरणं अशीच सरळ असतात. म्हणून लगेच पुढच्या तासाला बुडाशी भोक असलेली पाण्याची टाकी आणावी. तिथे पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे टाकी ठराविक वेळात खरोखर रिकामी होते, कंडेन्सर मात्र गणिताप्रमाणे कधीच पूर्ण उतरत नाही. हा फरक कळला की समीकरणाचा स्वभाव म्हणजे काय ते कळतं.

आणि हो, आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. बाजारातल्या कंडेन्सरवर छापलेला आकडा आणि खरी किंमत यांत 20 टक्क्यांचाही फरक असू शकतो. तो लपवू नये. छापलेल्यापेक्षा खरा कंडेन्सर केवढा आहे, हे त्याच आकड्यांवरून मुलांनाच काढायला लावावं.

परीक्षा बदलल्याशिवाय शिकवणं बदलत नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणून मागणी लहान ठेवतो: पेपरात एक तरी प्रश्न असा असावा, की त्यात मोजलेल्या आकड्यांचा तक्ता दिलाय आणि समीकरण विद्यार्थ्याने मांडायचंय. घरातून पहिल्यांदाच इंजिनिअरिंगला आलेल्या मुलीला गणित हे दुसऱ्या कुणाचं तरी वाटत असतं. मोटारीबद्दल तिला जे आधीच ठाऊक आहे त्याला त्या पेपरात मार्क मिळाले, तर ते तिचंही होईल.