आकाशातील वळसा

हेलसिंकी ते टोकियो हे अंतर सरळ मोजले तर सुमारे ७,८०० किलोमीटर भरते. सैबेरियावरून जाणाऱ्या विमानास ते कापावयास साडेनऊ तास पुरत. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले, रशियाने तत्काळ परतफेड केली, आणि तोच प्रवास सुमारे तेरा तासांचा झाला. पृथ्वी तसूभरही मोठी झाली नाही; वाढले ते राष्ट्राराष्ट्रांतील वैर!

आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राची संपूर्ण सत्ता १९४४ च्या शिकागो कराराने मान्य केली आहे. हा हक्क आम्ही नाकारीत नाही. आक्रमकास आकाश मोकळे ठेवावे, असेही आमचे म्हणणे नव्हे. प्रश्न आहे तो त्याचे मोल कोण देतो, हा. जादा इंधन, जादा वैमानिक आणि माल कमी, यांचा भार अखेर तिकिटावरच येतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांस आपले आकाश बंद केले, भारतानेही तसेच उत्तर दिले. तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे निघालेल्या प्रवाशांस याचाच प्रत्यय आला.

राष्ट्ररक्षणार्थ अशी बंदी अटळ असेल तर ती अवश्य घालावी. परंतु तो एक अघोषित करच आहे, हे विसरू नये. प्रत्येक घोषित कराचा हिशेब संसदेपुढे येतो. मग या कराचाच हिशेब तिकिटाआड का दडावा?