कॅमेरा घ्यायचा, पण खिसा बघून



परवाच्या रविवारी आमच्या मागच्या गल्लीतली एक मुलगी घरी आली. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. रात्रपाळीचा भत्ता बाजूला टाकून तिने पंधरा हजार जमवले आहेत. म्हणाली, "काका, मला फोटोंचा नाद लागलाय. मोबाईलवर समाधान होत नाही. दुकानदार म्हणतो, चाळीस हजारांचा नवा कॅमेरा हप्त्यावर ने, वर बॅग फुकट. घेऊ का?"

आम्ही तिला बसवले, चहा दिला आणि आधी आमची फजिती सांगितली. ती इथेही सांगतो, कारण असे विचारणारी ती एकटी नाही.

२०१४ साली आम्हीही हप्त्यावर कॅमेरा आणला होता. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले, २० मेगापिक्सेल आणि ३० पट झूम. दिवसा मैदानावर तो झकास चाले. लांबच्या टाकीवर बसलेली घार अगदी जवळ दिसे. पोरे खूष, आम्हीही खूष. मग भाच्याचे लग्न आले. संध्याकाळची वेळ, हॉलमध्ये चार ट्यूबलाइटचा उजेड. आई पांढरे पातळ नेसून पहिल्या रांगेत बसली होती. इतकी मोकळी हसताना आम्ही तिला क्वचितच पाहिले असेल. चाळीसेक फोटो काढले. घरी येऊन बघतो तर एकही धड नाही. कुठे चेहरा हललेला, कुठे रवा सांडावा तसे ठिपके, कुठे फ्लॅशने सगळे पांढरेफटक. पुढच्या वर्षी आई गेली. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावायला तिचा फोटो शोधला, तर निवडणूक ओळखपत्रावरचाच मोठा करून घ्यावा लागला. कॅमेऱ्याचे हप्ते मात्र त्यानंतरही तीन महिने चालू होते.

त्या कॅमेऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही आकडे बघून घेतला आणि फोटो कुठल्या उजेडात काढणार याचा विचारच केला नाही.

कॅमेऱ्याच्या पोटात उजेड टिपणारा एक चौकोनी तुकडा असतो, त्याला सेन्सर म्हणतात. पावसात अंगणात वाटी ठेवली आणि शेजारी घमेले ठेवले, तर कोणात जास्त पाणी साठेल? सेन्सरचे तसेच आहे. आमच्या त्या झूमवाल्या कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम ६ मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच. साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याचा असतो सुमारे २३ बाय १५. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर बारा-तेरा पट मोठा. वाटीत २० मेगापिक्सेल कोंबले म्हणून वाटीचे घमेले होत नाही!

आणि मेगापिक्सेल लागतात तरी किती? चार बाय सहा इंची फोटो छापायला दोन-सव्वादोन पुरतात. आठ बाय बारा इंचांचा, म्हणजे भिंतीवर टांगण्याजोगा, छापायला नऊ खूप झाले. निकॉनचा डी ९० हा २००८ सालचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा आहे. त्याच्यावर काढलेला फोटो आजही चौदा इंच रुंद, उत्तम छापून निघतो.

इथेच आपल्यासारख्यांची सोय आहे. कंपन्यांचा भर आता आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांवर आहे. हौशी मंडळी जुने डीएसएलआर विकून तिकडे वळत आहेत. म्हणून निकॉन डी ३१०० (२०१०), कॅनन ६०० डी (२०११) असले कॅमेरे वापरलेल्या मालात नव्याच्या मानाने कितीतरी स्वस्त मिळतात. वजनाला जड, दिसायला जुने. पण घमेले ते घमेलेच.

आता लेन्स. आमच्या मते पैसे खर्चायचे ते इथे. कॅमेऱ्यासोबत बहुधा १८-५५ ची लेन्स येते. ती वाईट नाही, पण झूम पूर्ण केला की तिचे तोंड एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ १.८ ची बिनझूमची लेन्स घेतली तर नऊपटीहून जास्त उजेड आत येतो. ज्या ट्यूबलाइटमध्ये आधी सेकंदाच्या सहाव्या हिस्स्यात फोटो निघत होता आणि माणसाने मान हलवली की चेहरा पुसला जात होता, तिथे आता साठाव्या हिस्स्यात निघतो. हसणारी आई हसरीच येते.

दुकानदार सांगेल, ५० ची घ्या, सगळ्यांत स्वस्त. घेण्यापूर्वी आपली खोली आठवा. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभे राहिले, तर समोरचे माणूस आठ फुटांवर. या कॅमेऱ्यांवर ५० ची लेन्स तेवढ्या अंतरावरून कॅमेरा आडवा धरला तर साडेतीन फुटांचीच रुंदी टिपते. दोन माणसे खांद्याला खांदा लावून, बस्स. ३५ ची लेन्स सव्वापाच फूट घेते. सगळे घर एका फोटोत हवे असेल तर सोबत आलेली १८-५५ चीच १८ वर लावायची, ती दहा फूट घेते. म्हणजे तीही टाकून द्यायची नाही.

निकॉन घेणाऱ्यांनी एक खोच ध्यानात ठेवावी. डी ३१०० सारख्या लहान कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. एएफ-डी प्रकारची जुनी लेन्स स्वस्त मिळाली म्हणून आणली, तर ती बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. अशा कॅमेऱ्याला एएफ-एस लिहिलेली बघून घ्यावी. डी ९० मध्ये मोटर आहे. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्सच्याच पोटात असल्याने तिथे हा घोळ नाही.

एवढे सांगून आम्ही पोरीला घेऊन फोर्टात गेलो. बोरा बाजाराच्या बाजूला कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. जाताना खिशात आपले कार्ड आणि मोबाईलची बॅटरी भरलेली. पहिल्या दुकानात लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारला, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. मुंबईच्या पावसाळ्यात कातडी पाकिटात बंद ठेवलेल्या लेन्सची हीच गत होते. दुकानदार म्हणाला, "फोटोत दिसत नाय." आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

दुसऱ्या दुकानात टॉर्च स्वच्छ गेला. मग आपले कार्ड घालून पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ १६ वर काढला, म्हणजे सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी चुगली करते. झाकण लावूनही एक काढला. काळ्यात रंगीत टिंबे चमकली तर सेन्सरचे ते कण बिघडलेले. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये शटर किती वेळा पडले तो आकडाही असतो, संगणकावर वाचता येतो. या लहान कॅमेऱ्यांचे शटर साधारण लाखभराच्या हिशेबाने बनवलेले असते. लग्नांच्या फोटोग्राफरने पिळून काढलेला कॅमेरा वरून पुसून नवा दिसतो, पण हा आकडा पुसलेला नसतो. पावतीवर कॅमेऱ्याचा नंबर लिहून घ्या. चोरीचा माल गळ्यात पडला तर पोलीस चौकीच्या खेपा आपल्यालाच.

डी ३१०० घेतला. ३५ च्या लेन्सला पैसे पुरले नाहीत, ती दिवाळीच्या बोनसवर. उरलेल्या पैशांत कार्ड, आणि घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा व सिलिका जेलच्या पुड्या. कॅमेरा त्यातच राहील.

एक युक्ती तिला गाडीतच शिकवली. समोर पांढऱ्या साड्यांची रांग असली की कॅमेरा दचकतो. त्याला वाटते उजेड फार आहे, म्हणून तो सारे मळकट करून टाकतो आणि सावळे चेहरे काळोखात जातात. तेव्हा अधिक-उणेचे बटण दाबून एक घर अधिककडे सरकवायचे. साड्या पांढऱ्या येतात, चेहरे उजळ येतात, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

ज्यांना फक्त दिवसा सहलीचे फोटो काढून मोबाईलवर पाठवायचे आहेत, त्यांनी यातले काहीही घेऊ नये. आजचा बरा मोबाईल त्याला पुरेसा आहे.

बोनस होईपर्यंत काय, तर खिडकी. सकाळी आठ-साडेआठला पोरगी आपल्या आजीला खिडकीशेजारी स्टुलावर बसवते. पहिला फोटो तिने आम्हाला दाखवायला आणला. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यासुद्धा मोजता येतील असा. आजीने मात्र तो नापास केला. म्हणाली, "दात नाहीत ते कशाला दाखवलेस? उद्या तोंड मिटून बसते, पुन्हा काढ."