नाव मिळण्यापूर्वीचा आजार

दुर्मिळ आजारांसंबंधीचे राष्ट्रीय धोरण केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये स्वीकारले आणि मे २०२२ मध्ये रुग्णामागे मिळणाऱ्या साहाय्याची मर्यादा २० लाखांवरून ५० लाख रुपयांवर नेली. तेव्हापासूनची बहुतेक चर्चा या आकड्याभोवती घोटाळते आहे. दहा किलो वजनाच्या बालकाच्या उपचारास काही आजारांत वर्षाला १० लाखांपासून एक कोटीहून अधिक खर्च येतो, हे धोरणातच नमूद असल्याने ५० लाख अपुरे पडतात ही तक्रार रास्त आहे. परंतु हे साहाय्य मागण्यासाठी रुग्णाजवळ प्रथम आजाराचे नाव असावे लागते. ते मिळेपर्यंत होणारी नागवण कोणत्याच हिशेबात धरलेली नाही.

हा काळ थोडाथोडका नसतो. धोरणात उद्धृत केलेल्या आकड्यांनुसार अचूक निदानास ब्रिटनमध्ये सरासरी ५.६ व अमेरिकेत ७.६ वर्षे लागतात; तोवर आठ डॉक्टर होतात आणि दोन-तीन चुकीची निदानेही पदरी पडतात. आपल्याकडे पुरेशा आकडेवारीअभावी ‘दुर्मिळ’ कशाला म्हणावे, याची व्याख्याही या धोरणाला करता आलेली नाही.

‘ॲक्यूट इंटरमिटंट पोर्फिरिया’ या आनुवंशिक विकाराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याचे झटके बहुधा तरुण स्त्रियांना येतात. पोटात असह्य कळा, उलट्या, हातापायांतील शक्ती जाणे, क्वचित भ्रम, असे त्याचे स्वरूप असते. पोट तपासावे तर ते मऊ लागते, क्ष-किरण चित्रातही विशेष काही दिसत नाही. मग कोणी ॲपेंडिक्स काढून टाकतो, कोणी हिस्टेरिया ठरवितो. घरात तर सून सोंग करते, तिला नांदायचेच नाही, असा निकाल डॉक्टरांच्याही आधी लागलेला असतो. झोपेसाठी बार्बिट्युरेट वर्गातील औषध दिले गेल्यास झटका बळावतो, म्हणजे चुकीचे निदान येथे केवळ निरुपयोगी नव्हे, घातकही ठरते. वास्तविक झटक्याच्या वेळी घेतलेल्या लघवीत पोर्फोबिलिनोजेन हे द्रव्य वाढलेले आढळते. नमुना उजेडापासून झाकून प्रयोगशाळेत पोचविला की पुरे. त्यावरील हेमिन हे औषध अमेरिकेत १९८३ मध्येच मान्य झाले. दुर्मिळ आजारांच्या औषधांना उत्तेजन देणाऱ्या तेथील कायद्याखालील ते पहिलेच होते.

नावाअभावी आर्थिक आधारही तुटतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत सर्वसाधारण आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के वेतन मिळते. यादीतील ३४ दीर्घ आजारांसाठी मात्र ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. ज्याच्या कागदावर नुसते ‘पोटदुखी’ लिहिले आहे, त्याने कोणत्या रकान्यात बसावे? रजा संपतात, बिनपगारी दिवस सुरू होतात आणि कचेरीत कामचुकार म्हणून नाव पडते.

क्षय आणि रक्तक्षय यांनीच ग्रासलेल्या देशाने मूठभरांच्या आजारांवर पैसा किती खर्चावा, असा आक्षेप घेतला जातो. कोटीच्या औषधापुरता तो विचारार्ह आहे. लघवीच्या तपासणीपुरता मुळीच नाही. दुर्मिळ आजारांपैकी पाच टक्क्यांहून कमी आजारांवरच औषध आहे हे खरे, पण औषध नसले तरी निदानाने निरर्थक शस्त्रक्रिया टळतात, आणि पुढील अपत्याविषयी दांपत्याला सल्ला मिळू शकतो.

धोरणानुसार मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे मान्य केंद्रांपैकी एक आहे. पण नंदुरबारच्या रुग्णाला परळला पाठवायचे, हे ठरविण्यासाठी नंदुरबारच्या डॉक्टराला शंका यावी लागते. जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘उम्मीद’ उपक्रमातील निदान केंद्रांचा रोख आनुवंशिक चाचण्यांवर आहे. त्यांच्याकडे जाणारी वाट मात्र जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातूनच निघते. तेथे साध्या रासायनिक तपासण्यांची सोय करणे, वारंवार येणाऱ्या व निदान न लागलेल्या रुग्णांची वेगळी नोंद ठेवणे आणि ठराविक मुदतीनंतर त्यांना वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठविणे सक्तीचे करणे, यांसाठी राज्य शासनाला दिल्लीच्या ५० लाखांची वाट पाहण्याचे कारण नाही.